क्लॅरनेटवरची धूळ

माळ्यावरचा कूलर खाली उतरला की माझं वर्ष सुरू होतं. पाडवा वगैरे कॅलेंडरवाल्यांसाठी. जळगावात मार्च संपता संपता भिंती तापायला लागतात, दुपारी डांबर चपलेला धरून ठेवतं, आणि मी कूलरच्या जाळ्या काढून गेल्या साली भरलेलं, काळं पडलेलं गवत उपसून फेकतो. नवं गवत भरायचं, टाकीचा गंज खरवडायचा, पंप फिरतोय का ते बघायचं. पहिलं पाणी त्या कोरड्या गवतातून झिरपलं की खोलीभर एक ओलसर, रानातल्यासारखा वास पसरतो. मग पाठोपाठ फोन यायला लागतात. लग्नसराई आली.

यंदाही आली. खरं सांगायचं तर यंदा ती आली नसती तरी चाललं असतं. कान थकलेत. डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही, पण दिवसभर काम करून घरी गेलो की बायकोने ताटावर वाटी ठेवलेलीसुद्धा टोचते. तिला वाटतं मी चिडलोय. मी चिडलेला नसतो, नुसता भरलेला असतो, काठोकाठ, आणि त्यात आणखी एक वाटी मावत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. आमच्या खानदेशात आता लग्नाला नवरा-नवरीच्या नावाचं गाणं लागतं. हळदीचं वेगळं, वरातीचं वेगळं, पाठवणीचं वेगळं. गायक येतो, माझ्या एवढ्याशा खोलीत उभा राहतो, कूलर बंद करून घामाघूम होत गातो आणि जातो. पुढचं सगळं मी आणि संगणक. ढोल, सनई, क्लॅरनेट, पिपाण्या, झांजा, यातलं एकही वाद्य माझ्याकडे नाही. आहे तो एक कीबोर्ड आणि संगणकात भरून ठेवलेली वाद्यं. दूर कुठल्याशा देशातल्या वादकानं एकेक सूर वाजवून ठेवलेला असतो. हळू, मध्यम, जोरात, सगळ्या तऱ्हांनी. मी पट्टी दाबली की तो सूर उठतो. कोण आहे तो वादक, काळा की गोरा, बाई की बाप्या, मला ठाऊक नाही. पण एवढं नक्की, की तो वाजवत होता त्या खोलीत माशीसुद्धा नव्हती.

तीच तर अडचण. सूर इतका स्वच्छ असतो की तो लग्नाचा वाटतच नाही. आणि प्रत्येक गिऱ्हाईक जाताना दारात थांबून एकच वाक्य बोलतं, “भाऊ, बाकी काही करा, पण ओरिजिनल वाटलं पाहिजे हं.” म्हणजे बनावट वाद्य खरं वाटलं पाहिजे. मग मी त्या स्वच्छ सुरावर एकेक प्लगइन, म्हणजे आवाज बदलणारा छोटा प्रोग्रॅम, चढवत बसतो. एक आवाज जरा चिरतो. एक दाबून धरतो, म्हणजे उडी मारणारा सूर खाली बसतो. एक सूर किंचित खालीवर डुलवतो, माणसाचा डुलतो तसा. एक त्याच्यामागे खोली उभी करतो. हॉल म्हणा, देऊळ म्हणा, गल्ली म्हणा, हवी ती. आणि त्याच दुपारी गायकाच्या आवाजावर मी नेमकं उलटं करत असतो. त्याचा श्वास काप, त्याची धाप पूस, त्याचा घसरलेला सूर उचलून जागेवर ठेव. माणसांचे आवाज मी धुतो आणि यंत्रांचे मळवतो. इतकी वर्षं हेच चाललंय, आणि यात काही विपरीत आहे असं आताशा कुणाला वाटतही नाही. मलाही क्वचितच वाटतं, आणि वाटतं ते कूलरचं गवत बदलताना.

कारण तो वास आला की मला धुळ्यातली आमची गल्ली आठवते आणि सुनीच्या लग्नाचा तो वैशाख आठवतो.

आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्यात बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. आमची सगळी गल्लीच बँडवाल्यांची. एका घरी ढोल, एका घरी कॉर्नेट, समोर झांजवाले. लग्नाच्या दिवसांत दोऱ्यांवर लाल कोट वाळत असायचे, सोनेरी झालरीचे, आणि त्यांच्या घामाचा वास गल्लीभर. बँडची गाडी म्हणजे एक हातगाडी. तिच्यावर बॅटऱ्या, एक अँप्लिफायर आणि वर चार दिशांना तोंड केलेले चार भोंगे. आबांच्या क्लॅरनेटच्या तोंडाशी एक माइक रबराने बांधलेला असायचा. आबा फुंकत, सूर वायरीतून गाडीवर जाई, आणि भोंग्यातून बाहेर पडताना चिरत, किंचाळत, कापडासारखा फाटत निघे. वरच्या सुरांना तर हमखास.

मी आणि माझी धाकटी बहीण सुनी गच्चीवर बसून ऐकत असू. दाट तिथीला चारी बाजूंनी बँड वाजत. एक पेठेतून, एक नदीकडून, एक पार देवपुरातून. त्या सगळ्या गोंगाटातून आपला बाप ओळखायचा हा आमचा खेळ. वरचा सूर चर्रकन फाटला की सुनी टाळी वाजवून ओरडायची, “आबा फाटले! आबा फाटले!” की समजायचं वरात चौकात आली. आई तेव्हा भाकरी टाकायला घ्यायची. आबा घरी आले की ओठ सुजलेले असत. ते न बोलता जेवत, आणि आम्ही त्यांच्या ताटातलं लग्नघरचं बांधून दिलेलं गोड उचलत असू.

बँडवाल्यांच्या गल्लीची एक रीत होती. पोरीच्या लग्नात वरातीला बँड दुसऱ्यांचा बोलवायचा, आपल्याच घरी आपण कामाला उभं राहायचं नाही. पण पाठवणीच्या वेळी सगळे बँड गप्प. तेव्हा पोरीचा बाप एकटा वाजवतो, घराच्या उंबऱ्यापासून गाडीपर्यंत. ढोलवाल्याची पोर निघाली तर तो एकट्याने ढोल वाजवायचा, अगदी सावकाश, बोटांनी. झांजवाल्याच्या पोरीच्या वेळी नुसती झांज, लांबलांब अंतरावर एकेक ठोका, आणि अख्खी गल्ली रडायची. आबांनी सुनीसाठी एक धून केव्हापासून जुळवून ठेवली होती. तिला नाव नव्हतं. संध्याकाळी क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पत्ती ओली करता करता ते ती गुणगुणायचे. सुनी अभ्यास करताना तीच गुणगुणायची आणि मग लाजून गप्प व्हायची.

तिचं पिंपळनेरला ठरलं. मुलगा शिक्षक, माणसं बरी. आणि ठरलं त्याच हिवाळ्यात आबांचे पुढचे दात गेले. हलत होतेच, डॉक्टरने काढले आणि कवळी बसवली. क्लॅरनेट वरच्या दातांवर टेकवून धरायची असते. आबांनी ओट्यावर बसून तोंडाला लावली, फुंकर मारली, आणि कवळी सरकली. सूर निघाला नाही, नुसती हवा निघाली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. कवळी काढून हिरड्यांवर टेकवून पाहिली, तर डोळ्यांत पाणीच आलं. गल्लीतले लोक शहाणे. कुणी तिकडे बघितलं नाही, समोरच्या झांजवाल्यांनी तर उगाच दार लोटून घेतलं. आबांनी क्लॅरनेटचे तुकडे सोडवले, पुसले, पेटीत ठेवले आणि म्हणाले, “व्हई गयं.”

सुनीने त्या रात्रीपासून लग्नाचं बोलणंच सोडलं. मी तेव्हाही जळगावातच हे काम करायचो; सुट्टीवर धुळ्याला गेलो तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. “दादा, तू रोज नसलेली वाद्यं वाजवतोस ना? मग आबांची वाजव.” मी म्हटलं, अगं, त्याला आबांचा आवाज तरी हवा कुठे भरलेला. आणि तेव्हा आम्हा दोघांच्या लक्षात आलं की तो कुठेच नाही. आयुष्यभर हजारो लग्नांत वाजवलेल्या माणसाचा एक सूर कुठे शिल्लक नव्हता. लग्नाच्या कॅसेटी आणि सीडी होत्या, पण व्हिडिओवाले वरातीवर सिनेमाची गाणी चढवत. चित्रात आबा गाल फुगवून वाजवताना दिसत आणि ऐकू येई मुंबईची कुठली तरी बाई. सुनी म्हणाली, “मला नुसतं जायचं नाहीये रे त्या उंबऱ्यातून.” एवढंच म्हणाली आणि कढईकडे वळली. लग्नाला थोडेच आठवडे होते. तिला निघताना आबांचा सूर ऐकू यायला हवा होता, आणि तो आणायचा कुठून ते मला ठाऊक नव्हतं.

मग तो सगळा वैशाख मी ते एकच काम केलं. गिऱ्हाइकांची गाणी आटपायची आणि शनिवारी लॅपटॉप पाठीला लावून पारोळ्यामार्गे धुळ्याला जायचं. एसटीच्या खिडकीतून येणारी हवा भट्टीच्या तोंडासारखी, तोंडाला ओलं फडकं बांधून बसायचं. आबा धून गुणगुणत, मी ती कीबोर्डवर बसवत असे. सूर लगेच बसले. पण ऐकलं की वाटायचं, कुणीतरी कोट-टाय घातलेला माणूस थंड हवेच्या दालनात उभा राहून आमची धून वाचून दाखवतोय. मग मी त्याला मळवायला घेतलं. भोंग्याचा आवाज करणारा प्लगइन लावला. वरचे सूर चिरले. मधूनमधून श्वासाची जागा सोडली, एका ठिकाणी धाप लावली. पत्ती जुनी असल्यावर सुरुवातीला जी थुंकीची खरखर येते, तीसुद्धा कशीबशी आणली. राहिली ती गल्ली.

गल्लीचा घुमारा संगणकात भरून घ्यायची एक युक्ती असते. त्या जागी एक टोकदार आवाज करायचा आणि तो भिंतींवर आपटून कसा विरतो ते रेकॉर्ड करायचं. त्यावरून प्लगइन ती जागा उभी करतो; मग कुठलाही सूर त्या जागेत वाजल्यासारखा वाटतो. फुगा फोडला तरी चालतं. दुपारची वेळ निवडली, कारण वैशाखातल्या दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा बाहेर नसतं. चौकात आबा उभे, डोक्यावर पंचा, हातात भला मोठा लाल फुगा. ओट्यावर मी, माइक घेऊन. खूण केली. आबांनी टाचणी टोचली. असा काही बार उडाला की सगळी दारं उघडली.

“काय फुटनं रे भाऊ? सिलिंडर का?” झांजवाल्यांच्या काकू ओरडल्या.

“फुगा शे, फुगा!” आबा म्हणाले. “गल्ली मोजी ऱ्हायनूत आम्ही.”

काकूंनी आबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ऊन लागलं म्हणून कांदा आणून दिला.

ती गल्ली क्लॅरनेटच्या मागे लावली आणि एक नवंच दुखणं सुरू झालं. प्रत्येक सुराच्या शेवटी एक घरघर येई. सूर थांबला की घर्रर्र, पुढचा सूर, पुन्हा घर्रर्र. मी वायरी बदलल्या, प्लगइन एकेक काढून पाहिले, संगणक पुन्हा सुरू केला. हात टेकले. शेवटी सुनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, जरा वेळ उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, “दादा, हे कूलर आहेत.”

मी उठून घरचा कूलर बंद केला. घरघर तशीच.

“घरातला नाही रे. गल्लीतले. तू फुगा फोडलास तेव्हा सगळ्यांचे चालू होते ना.”

होतेच की. वैशाखातल्या दुपारी खानदेशात खिडकी तिथे कूलर, आणि तो आवाज आम्हाला इतका अंगवळणी पडलेला की ज्याचं पोट कानावर चालतं त्या मलाही तो ऐकू आला नव्हता. फुग्याच्या आवाजाबरोबर गल्लीतले सगळे कूलर माझ्या माइकमध्ये शिरले होते, आणि आता क्लॅरनेटचा प्रत्येक सूर कूलरसकट घुमत होता. आम्ही दोघं इतकं हसलो की आई आतून ओरडली, “लगीनघर शे, आन् पोरं दात काढी ऱ्हायनात.” कितीतरी दिवसांनी सुनी हसली होती. “राहू दे,” ती म्हणाली. “हीच आपली गल्ली. आता आबा फाटले बघ!”

ती खूश झाली म्हणजे काम झालं असं मला वाटलं. मग आबांना ऐकवायचं ठरलं. संध्याकाळी ओट्यावर बसवून त्यांच्या कानाला हेडफोन लावले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. डोळे भरतील अशी माझी खात्री होती. डोळे भरले नाहीत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढले आणि विचारलं,

“हाऊ कोन शे?”

“तुम्ही, आबा.”

“मी?” त्यांनी माझ्याकडे, मग दारात उभ्या असलेल्या सुनीकडे पाहिलं. “मी इतला फाटेल वाजाडू का?”

गच्चीवरचा तो खेळ, ती टाळी, ते ओरडणं आबांना खाली चौकात ऐकू जात असेल असं लहानपणी आमच्या मनातही आलं नव्हतं. जात असणार. आबा हसले, पण ते हसू कवळीचंच जास्त होतं. मग म्हणाले, “आन् माले थंडी काबर वाजी ऱ्हायनी? कूलर कोठे लायेल शे याले?” तेवढ्याने जरा सैल झालं सगळं. त्यांनी पुन्हा हेडफोन घातले. “याना आंगवरनं बठ्ठं काढी टाक. मूळ कसा शे तो आयकाड.”

मी एकेक प्लगइन बंद करत गेलो. आधी गल्ली गेली, कूलर गेले. मग भोंगा गेला. मग धाप, मग थुंकीची खरखर. उरला तो दूरदेशीचा स्वच्छ, गोल सूर. आबांची मान हळूच एका बाजूला झुकली. उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली, भोकं उघडत, झाकत. धून संपली तरी बोटं चालतच होती.

“मी जनमभर मनमा हाऊच वाजाडा,” ते म्हणाले. “भोंगामाईन भाहेर निंघे तवय दुसराच व्हई जाये. लोकेस्नी बठ्ठास्नी तो दुसराच आयका.”

मनात वाजवला तो हा, आणि सगळ्यांनी ऐकला तो भोंग्यातला. मी इतके आठवडे घाम गाळून त्यांच्या सुरावर जी धूळ बसवली होती, ती त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही आपली मानली नव्हती. ती रस्त्याची होती, भोंग्याची होती, स्वस्तातल्या पत्तीची होती. आबांचा हट्ट एकच. पाठवणीला हा स्वच्छ सूर वाजला पाहिजे. आणि सुनीचं म्हणणं अगदी उलट. “हा कुणीतरी साहेब वाजवतोय,” ती मला म्हणाली. “हे आबा नाहीत. यांना मी ओळखत नाही. अनोळखी माणसाच्या सुरावर मी घराबाहेर पडू?” दोघांचंही बरोबर होतं, हेच तर वाईट. आबा तिच्यासमोर विषय काढत नव्हते आणि ती आबांसमोर. दोघं मधे मला धरत होते. आणि माझ्याकडे होतं काय, तर पडद्यावरचं एक बटण. दाबलं की सुनीचे आबा, पुन्हा दाबलं की आबांचे आबा.

आता मागे वळून बघताना वाटतं, इतका दमलो नसतो तर काही वेगळं सुचलं असतं. पण लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात नारळाच्या झावळ्या बांधता बांधता मी सुनीला म्हणालो, “बाई गं, आबांचंच राहू दे. धून त्यांची आहे.” मेंदीचे हात वर धरून तिने मान फिरवली. मग म्हणाली, “तुमचंच खरं करा.” ते शब्द आजही आठवले की झोप उडते.

यंदा कूलरचं गवत बदललं आणि पहिलंच गाणं आलं ते एरंडोलच्या पार्टीचं. वरातीचं. क्लॅरनेट हवीच, म्हणाले. मी फाइल उघडली, स्वच्छ सूर लावला आणि सवयीने गल्ली चढवली. हो, तीच. लाल फुग्याची, कूलरवाली. किती नवे प्लगइन आले, जगातल्या नामांकित हॉलचे घुमारे आता विकत मिळतात. मी कुठलंच गाणं आमच्या गल्लीशिवाय बाहेर जाऊ देत नाही. घरघर अगदी बारीक ठेवतो, कुणाला कळू नये इतकी. खानदेशातल्या कितीतरी लग्नांच्या गाण्यांत आमचे कूलर चालू आहेत. एरंडोलवाल्यांनी ऐकलं आणि माना डोलावल्या, “एकदम ओरिजिनल.” मी हसलो. हसायलासुद्धा आता जोर लागतो.

गल्ली मात्र ती राहिली नाही. लाल कोट दिसत नाहीत. झांजवाल्यांच्या पोरांनी डीजेचे डबे घेतले, त्यांच्या दणक्याने खिडक्यांच्या काचा थरथरतात. पोरीच्या पाठवणीला बापाने वाजवायची रीतही विरून गेली. बाप काय वाजवणार, डीजेची कळ दाबणार? आबाही गेले. शांतपणे गेले, थंडीच्या दिवसांत, एका दुपारी. क्लॅरनेटची पेटी माझ्या स्टुडिओत कपाटावर आहे. उघडत नाही. पण एक नेम पाळतो. क्लॅरनेटवर एकही प्लगइन चढवायच्या आधी तो सूर एकदा नुसता ऐकतो, कोरा. गिऱ्हाईक म्हणतं, हे काय असं बँकेच्या फोनवर लागतं तसं वाजतंय? मी म्हणतो, थांबा, अजून काम झालेलं नाही.

तर सुनीची ती पाठवणी. ऊन उतरायला लागलं होतं, तरी भिंतींना हात लावता येत नव्हता. उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीपर्यंत बायका दोन्ही बाजूंनी उभ्या. बँडवाले गप्प, वाद्यं खाली टेकवून. ओट्यावर टेबल, टेबलावर माझा लॅपटॉप, त्याला दोन वायरी. एक आबांच्या हेडफोनला, कारण त्यांना धून नीट ऐकायची होती. दुसरी मंडपवाल्याच्या अँप्लिफायरला. मंडपवाल्याचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी खांबावर बांधलेला होता, सकाळपासून “जेवायला चला” असं ओरडून ओरडून बसलेला. पिंपळनेरची माणसं घाई करत होती. “चला, साक्रीच्या पुढे रस्ता खराब आहे, अंधार व्हायला नको.” सुनी उंबऱ्यावर आली. माझ्याकडे बघितलंच नाही. मी सगळे प्लगइन बंद आहेत ना ते पुन्हा तपासलं आणि धून सुरू केली.

आणि भोंगा फाटला.

लॅपटॉपमधून निघालेला सूर स्वच्छच होता, अगदी कोरा. पण वायर जुनी, अँप्लिफायर तापलेला, भोंग्याच्या पडद्याला चीर. धून गल्लीत पडली ती चिरत, किंचाळत, दोन्हीकडच्या भिंतींवर आपटत, आणि मागे खिडक्याखिडक्यांतून कूलरांची घरघर. मी आठवड्यांमागून आठवडे जे संगणकात बसवत होतो ते सगळं गल्लीने जागच्या जागी स्वतःहून चढवलं. चौकातल्या वरातीतून यायचा तो सूर, तसाच, भाकऱ्या टाकायच्या वेळेचा. सुनी मधेच थांबली. तिने वर भोंग्याकडे पाहिलं. मग तोंडावर हात घेतला, मेंदीचा, आणि हसत हसत, रडत रडत, मागे वळून माझ्याकडे बघत ओठांनीच म्हणाली, “आबा फाटले.”

आबांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते ओट्यावर डोळे मिटून बसले होते, कानांवर माझे मोठे काळे हेडफोन, मान कलती, बोटं मांडीवर चाललेली. बाहेर गल्लीत त्यांचा भोंगा होता आणि आत त्यांचं जन्मभराचं मनातलं वाजणं. सुनी गाडीकडे न जाता परत फिरली. पिंपळनेरचं कुणीतरी काही बोललं, आई त्यांना म्हणाली, “थांबा जरासं.” सुनी आबांच्या पाया पडायला वाकली. आबांनी डोळे उघडले. तिला उठवलं, आणि आशीर्वाद वगैरे काही न बोलता आपले हेडफोन काढून, मुंडावळ्या हलकेच बाजूला सारून, तिच्या कानांवर ठेवले.

धून फिरून पहिल्यापासून सुरू झाली होती. सुनी उभी होती. तिच्या तोंडावरचं हसू थांबलं, रडूही थांबलं. भोंगा ओरडत होता, पण तिचे कान झाकलेले होते. गल्ली, कूलर, गाडीवाल्याचा हॉर्न, तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. ती फक्त तो स्वच्छ सूर ऐकत होती, ज्याला ती साहेब म्हणाली होती. कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग कानावरचे हेडफोन हातांनी घट्ट धरून, आपला आवाज किती मोठा निघतोय याचं भान नसलेल्या माणसासारखं जोरात, तिने विचारलं,

“आबा, हाऊ कोन शे?”

गल्लीतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आबांनी तिचा एका बाजूचा हेडफोन जरासा उचलला, तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले,

“मी शे.”